शिवराई, चिंच आणि मी

मध्यंतरी मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी काळवंडलेले पेनी व्हिनेगर आणि मिठात टाकले. पाच मिनिटांत लखलखीत! ते पाहून मला माझा तीसएक वर्षांपूर्वीचा पराक्रम आठवला. सातवीत असताना आजीच्या डब्यातल्या चार शिवराया मी चिंच-मीठ लावून, वर राखेने घासून 'नव्या' केल्या होत्या. पूजेची पळी-पंचपात्री आजी अशीच घासायची, मग नाण्यांनी काय घोडं मारलं होतं?

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. भोवतालच्या मोगल, आदिलशाही नाण्यांवर फारसी अक्षरे असताना महाराजांनी देवनागरी निवडली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सोन्याच्या होनाचे आपल्याला अप्रूप असते, पण होन सामान्य माणसाच्या हाती कुठला यायला? बाजारहाटाला शिवराईच. महाराजांच्या पश्चात, पेशवाईतही ती त्याच नावाने पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही बरीच वर्षे चालत राहिली.

टांकसाळी अनेक होत्या. पेशवाईत सोनारांना टांकसाळीचे परवाने दिले जात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ साली या विषयावर निबंध लिहिला आहे. ठसे हाताने कोरलेले, नाणी हातोड्याने ठोकलेली. ठसा बऱ्याचदा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरे कडेला कापली जात. आणि कोरणारे अनेक, म्हणून कुठे 'शिव', कुठे 'सिव', तर कुठे 'सीव'! (आमच्या मराठीच्या बाईंनी गुण कापले असते.) पण अभ्यासक शिवरायांचे प्रकार वेगळे करतात ते अशाच फरकांवरून: वेलांटी कशी, ठिपके किती, अक्षराचे वळण कसे.

मी चिंचेने घालवले ते नेमके हेच. तांब्यावरचा काळपट-तपकिरी थर हा मळ नसतो, ते तांब्याचे ऑक्साइड असते. जुन्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग, अक्षरांच्या कडांसकट, कित्येकदा या थरातच टिकून असतो. चिंचेतले टार्टरिक किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल तो थर विरघळवते, राख उरलेसुरले खरवडते. मिठाने आणखी एक घोळ होतो. त्यातले क्लोराइड तांब्यात राहिले, की दमट हवेत पुढे भुरभुरीत हिरवे डाग येतात आणि धातू आतून खाल्ला जातो.

मग करायचे काय? डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवावे, मऊ ब्रशने माती काढावी, कोरडे करून ठेवावे. बस्स. पेनीचे मात्र वेगळे आहे. १९८२ पासून ते आतून जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा असे आहेत. ओरखडा असेल तर व्हिनेगर आतले जस्तच खाते. चलनासाठी पेनी पाडणे अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवले, म्हणून मुलीला म्हटले, दोन-चार तशीच काळी राहू देत.

माझ्या चार शिवरायांपैकी दोन इथे माझ्याकडे आहेत. एकीवर 'श्री'ची वेलांटी तेवढी दिसते, दुसरी गुळगुळीत. आजीची पाचवी शिवराई तेव्हा माझ्या हाती लागली नव्हती. ती पुण्याला आत्याकडे आहे. काळीकुट्ट, आणि तिच्यावरचे 'सिव' अजून बोटाला लागते.