'घरून शिका' म्हणजे नेमकं कुणाच्या घरून? : हिंगण्याची झोपडी ते वारज्याची गच्ची

आजचा एपिसोड शाळा बंद पडण्याच्या इतिहासावर आहे. यातला बराचसा इतिहास तुम्ही स्वतः जगलाय. २०२० च्या दहावीच्या बॅचला आठवत असेल, भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. पहिली ते आठवीची पोरं परीक्षेशिवाय वरच्या वर्गात गेली. मी तेव्हा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्हा सगळ्यांना एकच सांगितलं गेलं, 'घरून शिका'.

दोनच शब्द. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : घर ही शिकायची जागा आहे. आज आपण हेच तपासू. आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. मी राहते वारज्यात. इथून कर्वेनगर म्हणजे शेजारचाच भाग, आणि गोष्ट तिथेच घडलेली आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला आणि काही महिन्यांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा छोटासा कायदा. गंमत बघा, मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी जो कायदा लागू केला, तो हाच. मधे १२३ वर्षं गेली होती!

पुण्यात या कायद्याच्या जोरावर काय झालं ते आपण शाळेत वाचलंय. सोल्जर घराघरात शिरून झडत्या घ्यायचे, आजारी माणसाला उचलून न्यायचे. लोकांचा संताप, २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, रँड आणि चापेकर बंधू. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्याच्या तीन महिने आधीची तारीख मात्र फार जणांच्या लक्षात नसते, १० मार्च १८९७. त्या दिवशी सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी त्या दवाखान्यात पोचवलं. त्यात त्यांनाच लागण झाली. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली बाई साथीतच गेली.

प्लेग एका वर्षात संपला नाही. तो दरवर्षी परत यायचा. साथ आली की लोक वाडे सोडून गावाबाहेर झोपड्या आणि राहुट्या टाकून राहायचे. अर्धं शहर रिकामं, तिथे शाळा कसली चालणार? मग मुलांचं शिक्षण घरच्यांवर. ज्या घरात लिहिता-वाचता येणारा बाप किंवा काका असेल, त्या घरातला मुलगा शिकत राहायचा. मुलगा म्हणतेय मी, मुलगी नाही.

आता या सगळ्यात धोंडो केशव कर्वे यांची अडचण बघा. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू केला, तोच पुढे अनाथ बालिकाश्रम म्हणून ओळखला गेला. तिथे शिकणाऱ्या बहुतेक मुली लहान वयात नवरा गेलेल्या. प्लेग आल्यावर बाकीच्या शाळा मुलांना म्हणू शकत होत्या की बाबांनो, घरी जा, साथ संपली की या. कर्व्यांना हे म्हणणं परवडणारं नव्हतं. या मुलींना शिकू न देणारी जागा म्हणजेच घर! त्यातली एखादी घरी परत गेली असती, तर ती पुन्हा आश्रमात आली असती याची खात्री कोण देणार होतं? त्यांच्यासाठी 'घरून शिका' म्हणजे 'शिकू नका'.

मग कर्व्यांनी मुलींना घरी पाठवण्याऐवजी शाळाच उचलली. १९०० मध्ये आश्रम शहरापासून साधारण चार मैलांवर हिंगण्याला गेला. जागा रावबहादूर गोखल्यांनी दिलेली, सुरुवात एका झोपडीत. हिंगणे बुद्रुक म्हणजेच आजचं कर्वेनगर. तेव्हा तिथे माळरान होतं, आणि पावसाळ्यात नुसता चिखल. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे, संध्याकाळी पायी हिंगण्याला यायचे, येताना आश्रमाला लागणारं सामानही घेऊन यायचे. रात्री मुलींना शिकवायचं, सकाळी परत पायी पुणे. साधारण दोन वर्षं हे असंच चाललं.

आपण आज 'लास्ट माइल' हा शब्द वापरतो ना, डिलिव्हरी ॲपवाले वापरतात तो. हिंगण्यात लास्ट माइल म्हणजे एक चाळिशीचा प्रोफेसर होता, तोही पायी.

आता १२० वर्षं पुढे या. हेच पुणे आणि हाच कायदा, पण या वेळी शाळा थेट फोनमध्ये गेली.

सरकार नुसतं बसून होतं असं नाही, हे आधी सांगते. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला पुण्यातूनच निघाली. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड होते आणि सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळत होती. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका लागायची. कन्टेन्ट होता. पण तो मुलाच्या हातात कसा पोचणार, गाडी तिथे अडली.

माझ्या मावशीचंच घर सांगते. वारज्यातच, दोन खोल्या. मुलगा नववीत, मुलगी सातवीत, स्मार्टफोन एक. काकांचा भाजीचा टेम्पो. लॉकडाउन सैल झाल्यावर ते पहाटे बाहेर पडायचे आणि फोन त्यांच्याबरोबर जायचा. ऑर्डर फोनवरच येणार, तो घरी ठेवून कसं चालेल? रात्री आठला काका आले की फोन घरी. तोवर शाळेच्या ग्रुपवर शंभरेक मेसेज, गृहपाठाचे फोटो, एखादा व्हिडिओ. आधी नंबर दादाचा, कारण 'त्याचं पुढच्या वर्षी दहावी'. त्याचं होईपर्यंत दहा वाजायचे, आणि तोवर दिवसाचा डेटा संपलेला असायचा. मग सातवीतली पोरगी दादाच्या मागे बसून त्याचाच नववीचा धडा बघत झोपायची.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. म्हणजे एकच वस्तू अशी, की ती बंद पडली तर सगळी सिस्टिम बसते. आम्ही सर्व्हरसुद्धा कधी एकटा ठेवत नाही. इथे दोन पोरांची शाळा एका फोनवर, आणि तो फोनही दिवसभर मार्केट यार्डात.

मावशी सातवी शिकलेली. ती काय करू शकत होती? तिने एक केलं, रोज दुपारी दोघांना समोर बसवून पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. स्वतः निवडणं-टिपणं करत ऐकायची. अडलं तर तिलाही यायचं नाही, पण वाचणं थांबू दिलं नाही. पुढे बिल्डिंगमधली एमपीएससीची तयारी करणारी एक ताई संध्याकाळी गच्चीवर सात-आठ पोरांना लांब लांब बसवून गणित घ्यायला लागली. तास फार तर एक. पण सातवीतल्या पोरीला दिवसात पहिल्यांदा कुणीतरी विचारायचं, 'तुला काय कळलं नाही, सांग.'

हे फक्त आमच्या गच्चीवर घडलं असं नाही. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, म्हणजे पोरं चालता चालता शिकतील. पालघरच्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने लाउडस्पीकर फिरवून 'बोलकी शाळा' चालवली. या दोन्ही ठिकाणी कुणीतरी फोनची वाट न बघता पोरांच्या दारापर्यंत गेलं.

आता आकडे. 'असर'च्या २०२१ च्या सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ऐकायला बरं वाटतं. पण फोन असलेल्या घरांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. घरात फोन आहे आणि हातात नाही, अशी चारातली एक. आकडा गावाकडचा आहे, पण मावशीचं घर मला त्यात स्पष्ट दिसतं.

आणि परिणाम? २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या आणि अंतर्गत मार्कांवर निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. १६ जुलैला निकालाची वेबसाइट बसली, ते आठवत असेल. कागदावर जवळजवळ सगळे पास. पण 'असर'ने २०२२ मध्ये तिसरीच्या पोरांना दुसरीचा उतारा वाचायला दिला. २०१८ मध्ये तो २७.३ टक्के मुलांना वाचता येत होता, आता २०.५ टक्क्यांना.

का नाही येणार? पुण्यात पहिली ते सातवीचे वर्ग १६ डिसेंबर २०२१ ला उघडले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोरगं पहिल्यांदा वर्गात बसलं तेव्हा ते दुसरीत होतं. बाकावर कसं बसायचं हेही माहीत नाही. आणि जानेवारीत शाळा पुन्हा बंद, मग १ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा सुरू.

मी स्वतः ॲप बनवण्याचे पैसे घेते, त्यामुळे तंत्रज्ञानाला नावं ठेवायला इथे बसलेली नाही. फोनने लाखो पोरांना वर्ष काढून दिलं, हे खरंच आहे. माझा मुद्दा एवढाच, की साथ आली की 'घरून शिका' म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणाऱ्याच्या घरात टेबल असतं, फोन असतो आणि पोरीचा नंबर शेवटी लागत नसतो. कर्व्यांनी हिंगण्याला जाताना आधी हे बघितलं की या मुलीच्या घरी गेल्यावर तिचं नेमकं काय होईल. पुढच्या वेळी शाळा बंद करायची वेळ आली, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

मावशीची मुलगी आता कॉलेजात आहे. फोन तिचा स्वतःचा, स्टेटसला रोज काहीतरी असतंच. गणिताची भीती मात्र अजून गेलेली नाही. सातवी-आठवीतलं जे सुटलं ते सुटलंच, असं ती म्हणते. सध्या गच्चीवरच्या त्याच ताईकडे रविवारी पुन्हा बसते.

तुमच्या घरात तेव्हा फोन पहिल्यांदा कुणाच्या हातात जायचा आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या? आज जेवताना विचारा एकदा, सगळ्यांसमोर. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.