नरक्या, नंदुरबार आणि काचेची बाटली

मी राहतो ते झल्लाक बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. इथे खजुराला मान मोठा. पण खजुराची बी लावली तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि मादी निघाली तरी फळ आईसारखंच येईल याची खात्री नाही. म्हणून केळीचे मुनवे लावतो तशी खजुराच्या बुंध्याशी फुटणारी पिलं लावतात. पण ती मोजकीच मिळतात. म्हणून आखाती देशांत आता टिश्यू कल्चरनेही रोपं करतात. कोंबाचा तुकडा निर्जंतुक करून बाटलीत साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या जेलीवर वाढवायचा. ऑक्सिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर फुटवे, हे स्कूग आणि मिलर यांनी 1957 साली दाखवलं. इंजिनियरला आवडावा असाच प्रकार!

मग औषधी झाडांचंही असंच का करू नये? मंडळी, यासाठी आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हा कर्करोगावर चालणारा पदार्थ वेगळा केला. यातले वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे, बरं का! पुढे 1972 साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच पदार्थ नरक्यात असल्याचं जाहीर केलं. 1996 साली त्यापासून बनवलेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णांची सोय झाली, पण इकडे नरक्यावर कुऱ्हाड आली. कारण तुळशीसारखी चार पानं खुडून इथे भागत नाही. माल मुख्यतः खोडात आणि मुळांत. म्हणजे झाडच तोडायचं.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर काम झालं. 1994 साली रोजा आणि हेबळे यांनी नरक्याचं टिश्यू कल्चर आणि वाढलेली झाडं यांची तुलना केली. कल्चरमध्ये कॅम्पटोथेसिन होतं, पण मोठ्या झाडाच्या मानाने फारच कमी.

गोम इथेच आहे. रोप बाटलीत होतं, पण औषधाचा साठा व्हायला खोड लागतं आणि खोडाला वर्षं लागतात. तेव्हा बाटलीतली रोपं शेतात लावून, वाढवून, तीच तोडायची, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. त्यातही एक पथ्य आहे. एकाच झाडापासून केलेली हजार रोपं म्हणजे हजार जुळी भावंडं. एक रोग आला तर सगळ्यांना सारखाच धोका. म्हणून अनेक आणि भरपूर औषध असलेली मातृझाडं निवडावी लागतात, आणि ती जंगलातच सापडतात. प्रयोगशाळा आहे म्हणून जंगल तुटलं तरी चालेल, असं म्हणायची सोय नाही. प्रयोगशाळेचं कामच मुळी जंगलातल्या झाडापासून सुरू होतं.