आतून लावलेली कडी

नांदगावात मुलगी दहावी-बारावीला आली, उलट बोलू लागली, की घरात कुणीतरी म्हणतंच, "हिला आता स्थळ बघा." मराठी पडद्यानेही चिडलेल्या मुलीचं बहुतेकदा हेच केलं.

या मुलीचा माग आमच्या नाशिक जिल्ह्यातूनच निघतो. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटातली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. त्यानंतर १९१३ सालीच फाळके नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कमलाबाई कामत मोहिनी झाली. वय जेमतेम तेरा. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. पडद्यावर मनसोक्त खोड्या करायला मुलीला मुलगा व्हावं लागलं, हे मला आजही बोचतं.

मुलगी म्हणून चिडली ती १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटातली नीरा. देवलांच्या 'शारदा' नाटकाने १८९९ मध्येच म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीचं दुःख रंगभूमीवर आणलं होतं. पण शारदेच्या वाट्याला रडणं आलं. नीरा मात्र रडत बसत नाही. मामाने फसवून तिला वयस्कर वकिलाच्या, काकासाहेबांच्या, गळ्यात बांधलंय. हे लग्न मला मान्य नाही, असं ती तोंडावर सांगते, खोलीचं दार आतून लावून घेते. दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि नीरा झालेल्या शांता आपटेचा संताप दिसतो. मराठीत एवढी धगधगती मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

'सैराट'ची आर्ची (२०१६) ट्रॅक्टर चालवते, बुलेट पळवते. तिचं बंडही शेवटी जोडीदार निवडण्यापाशी येतं. जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'मध्ये विदर्भातली सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे, तरी पुन्हापुन्हा पाटावर बसून उंची सांगते.

याउलट जपानच्या शिन्जी सोमाईंच्या 'मूव्हिंग'मधली (१९९३) रेन्को सहावीत आहे. आईबाप वेगळे होताहेत म्हणून तीही न्हाणीघराची कडी आतून लावते. तिथे सासर नाही, स्थळ नाही. तिची चिडचिड तिची स्वतःची आहे, आणि अख्खा चित्रपट तिच्या मागे चालतो.

नांदगाव-मनमाडच्या गाडीत रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलींनो, अशी मराठी मुलगी तुम्हीच लिहा. तिचं लग्न ठरवू नका.