फैजपूरची माघार

स्वातंत्र्यापूर्वीं काँग्रेसच्या अध्यक्षास लोक 'राष्ट्रपति' म्हणत. मुदत वर्षाची, हातीं ना फौज ना खजिना. तरी त्या निवडणुकीकडे देश डोळे लावून बसे. १९३६ सालीं ती खानदेशास विशेष अगत्याची झाली, कारण निवडून येणाऱ्या राष्ट्रपतीचें स्वागत व्हावयाचें होतें तें पूर्व खानदेशांत, यावल तालुक्यांतील फैजपूर गांवीं. काँग्रेसचें अधिवेशन खेड्यांत भरण्याची ती पहिलीच वेळ. आणि अधिवेशनास जेमतेम महिना उरला असतां उमेदवारांपैकीं एकानें, तेंही सरदार वल्लभभाई पटेलांसारख्यानें, आपलें नांव मागें घेतलें.

ऐन वेळीं उमेदवार बाजूस झाला तर पुढें काय, याचीं उत्तरें ठिकठिकाणीं निराळीं आहेत. अमेरिकेंत २१ जुलै २०२४ रोजीं ज्यो बायडेन यांनीं राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतींतून माघार घेतली, तेव्हां त्यांच्यासाठीं निवडून आलेले पक्षाचे प्रतिनिधि मोकळे झाले आणि त्यांनीं कमला हॅरिस यांस उमेदवारी दिली. आपल्याकडील १९५२ चा राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा कायदा अधिक करडा आहे. ठराविक दिवसापर्यंत अर्ज मागें घेतां येतो. तो दिवस टळला कीं उमेदवाराचें मन बदललें तरी मतपत्रिकेवरील नांव हलत नाहीं. मतदानापूर्वीं उमेदवार मरण पावला तर मात्र सारी निवडणूक रद्द होऊन आरंभापासून सुरू होते. जळगांव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील २००७ सालीं राष्ट्रपति झाल्या त्या याच कायद्यानें.

१९३६ सालच्या काँग्रेसची रीत याहून साधी होती. प्रतिनिधींनीं नांवें सुचवावयाचीं, प्रांतोप्रांतीं मतें पडावयाचीं, आणि ज्यांनीं माघार घेतली ते गेले कीं उरलेल्यांत निवड व्हावयाची. नियमाचा गुंता कांहीं नव्हता. गुंता होता तो माणसांच्या मनांत.

त्या वर्षींच्या एप्रिलांत लखनौस जवाहरलाल नेहरूंनीं अध्यक्षपदावरून समाजवादाचा उघड पुरस्कार केला. कार्यकारी समितींतील जुन्या मंडळींस तो रुचला नाहीं. जूनअखेर राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, पटेल, कृपलानी, जयरामदास दौलतराम, जमनालाल बजाज आणि शंकरराव देव या सात जणांनीं राजीनामे दिले. गांधीजींनीं मध्यें पडून ते परत घेवविले. पण भांडें फुटलें नाहीं तरी तडा दिसूं लागला होता. त्या सातांतील शंकरराव देव हेच पुढें फैजपूरच्या स्वागत समितीचे अध्यक्ष झाले. (समर्थांच्या वाङ्मयासाठीं जन्म वेंचणारे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव ते निराळे, नामसाम्यामुळें पुष्कळांची गल्लत होते.) ज्याच्या धोरणावर रुसून राजीनामा दिला, त्याच्याच स्वागताचें भाषण करण्याचा प्रसंग एखाद्यावर यावा, हें राजकारणांत क्वचित् घडतें.

आठ महिन्यांतच पुढचें अधिवेशन आलें. १९३५ च्या कायद्याखालीं प्रांतिक निवडणुका दाराशीं येऊन ठेपल्या होत्या. जवाहरलालांना मिळालेली मुदत तोकडी होती, म्हणून त्यांनाच पुन्हां निवडावें असें कित्येकांचें म्हणणें; आपण नाहीं म्हणणार नाहीं, असें त्यांनींही सूचित केलें. दुसऱ्या बाजूस पटेलांचें नांव आलेलें. मतदान झालें असतें तर कोणीही जिंको, निवडणुकांच्या तोंडावर काँग्रेसचे दोन तट जगापुढें उघडे पडले असते. नोव्हेंबरांत पटेलांनीं माघार घेतली ती अशा वेळीं.

परंतु ती मुकाट्यानें घेतली नाहीं. सोबत एक पत्रक काढलें. त्याचा आशय असा, कीं आपण नांव मागें घेतों याचा अर्थ जवाहरलालांचीं सर्व मतें आपणांस मान्य आहेत असा कोणीं करूं नये. कांहीं महत्त्वाच्या बाबतींत मतभेद आहेतच. शिवाय अध्यक्षास हुकूमशहाचे अधिकार नसतात. कोणालाही निवडलें तरी काँग्रेस आपली सत्ता त्याच्या ओटींत टाकून मोकळी होत नाहीं. नेहरूंनींही, आपली निवड म्हणजे समाजवादाला कौल असें मानणें चुकीचें होईल, असें स्पष्ट केलें. पटेलांनीं नांव मागें घेतलें, मत मागें घेतलें नाहीं. आणि ज्याच्यासाठीं जागा मोकळी केली त्याच्याभोंवतीं कुंपणही घातलें. या माघारीचें खरें मोल त्या पत्रकांत आहे. नुसत्या औदार्याची कथा म्हणून ती सांगितली जाते, तेव्हां अर्धी गोष्ट गळून पडते.

इकडे फैजपुरांत कामाची धांदल चालली होती. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनीं कंबर कसली होती. साने गुरुजी गांवोगांव हिंडून लोकांस जागें करीत होते, आणि मैला उचलण्याचें कामही त्यांनीं कमी मानलें नाहीं. शेतांत 'टिळकनगर' उभें राहिलें. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना गांधीजींनीं मुद्दाम बोलाविलें, तें या अटीवर कीं सजावट गांवांत मिळणाऱ्या वस्तूंचीच हवी. आणि बांबूसारख्या साध्या साहित्यांतून नंदलालांनीं कमानी व मंडप असे साधले कीं गांधीजींनीं प्रदर्शन उघडतांना त्यांची जाहीर वाखाणणी केली. दिल्ली-मुंबईंत राष्ट्रपति कोण, यावर शाई आटत असतां टिळकनगरांत विहिरीचें पाणी पुरेल कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून कमी मोलाचा नव्हता. डिसेंबरच्या अखेरीस अधिवेशन भरलें, नेहरू अध्यक्ष होते, पटेल हजर होते. शेतकऱ्यांविषयींचा कार्यक्रम येथेंच संमत झाला, आणि पुढच्या दोनतीन महिन्यांत काँग्रेसनें बहुतेक प्रांतांत निवडणुकीचें मैदान मारलें.

प्रत्येक माघारीला असें फळ येतें असें नाहीं. १९३९ सालीं त्रिपुरीच्या अध्यक्षपदासाठीं उभे असलेले मौलाना आझाद यांनीं मतदानास थोडे दिवस उरले असतां नांव काढून घेतलें आणि पट्टाभि सीतारामय्यांना पाठिंबा दिला. सुभाषचंद्र बोस मागें हटले नाहींत. २९ जानेवारीस मतें पडलीं. सुभाषबाबू दोनशेंहून अधिक मतांनीं निवडून आले, गांधीजींनीं तो आपला पराभव मानला, आणि एप्रिल संपण्यापूर्वीं सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला. येथें माघार घेणारा एक आणि लढणारा दुसराच, त्यामुळें तीं मनें सांधलीं जाणें कठीणच होतें. पटेलांना मात्र माघारीचा हा अनुभव नवा नव्हता. १९२९ सालीं लाहोरसाठीं दहा प्रांतांनीं गांधीजींचें, पांचांनीं पटेलांचें व तिघांनीं नेहरूंचें नांव सुचविलें होतें; गांधीजींनीं पद नाकारलें, पटेलही बाजूस झाले, आणि निवड नेहरूंची झाली. १९४६ सालीं पुन्हां तेंच.

फैजपूरनंतर वर्षभरानें, १९३७ च्या नोव्हेंबरांत, कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकांत 'राष्ट्रपति' या मथळ्याचा एक लेख आला. लेखकाचें नांव होतें 'चाणक्य'. लोकांची अमाप भक्ति लाभलेल्या जवाहरलालांत हुकूमशहा होण्याचीं बीजें आहेत, सबब त्यांना तिसऱ्यांदा निवडूं नये, असें त्यांत बजावलें होतें. हा चाणक्य कोण, याचे तर्क पुष्कळ झाले. तो लेख स्वतः जवाहरलालांनींच लिहिलेला होता.