कागदातली मोकळी जागा

शाळेत हस्तकलेच्या तासाला आपण घोटीव कागदाची घडी घालून कात्रीने नक्षी कापत असू. घडी उलगडली की उरलेला कागद भिंतीवर लागे आणि कापलेले तुकडे केरात जात. पण नक्षी दिसे ती त्या केरात गेलेल्या तुकड्यांच्या रिकाम्या जागांमुळेच, हे तेव्हा आपल्या लक्षात आले नाही.

आज इथल्या प्रदर्शनांत कोऱ्या पांढऱ्या कागदाला नुसत्या चिरा आणि भोके पाडलेली चित्रे लावलेली असतात. त्यांत ना माणूस, ना झाड. "यात पाहायचे काय?" असे म्हणून आपण पुढे सरकतो. पण ही कला आपल्या लोकांना नवी नाही.

स्पेनमधल्या शेम तोव इब्न अर्दुतिएल या कवीने १३४५ साली लेखणी आणि कात्री यांच्या भांडणावर हिब्रूत एक रचना केली. थंडीने दौतीतली शाई गोठली, तेव्हा कात्रीने कागदातून अक्षरे कापून लिहिले, अशी ती कथा आहे. पुढे पोलंडच्या यहुदी घरांत पूर्वेच्या भिंतीवर कापीव कागदाचे मिझराह लागू लागले. शाबुओथला मुले कागदाची फुले कापून खिडकीच्या काचांना चिकटवीत. कारागीर कागद दुमडून, फळीवर ठेवून, धारदार सुरीने कापी. एकही भाग सुटा पडू नये म्हणून प्रत्येक आकार बारीक पट्टीने शेजारच्या आकाराला जोडलेला ठेवावा लागे.

हीच अडचण तालमुदातही आली आहे. दहा आज्ञांच्या पाट्यांवरची अक्षरे आरपार कोरलेली होती असे मानले, तर सामेख आणि बंद मेम यांच्या मधला दगड गळून पडायला हवा. तो चमत्काराने टिकला, असे राव हिस्दा म्हणतात.

सेफेर तोराचा नियमही पाहा. प्रत्येक अक्षराभोवती कोरे चामडे हवेच. दोन अक्षरे एकमेकांना चिकटली तर सेफेर पासूल. समुद्र ओलांडल्यावरचे मोशे रबेनूंचे गीत तर विटांच्या भिंतीसारखे लिहितात. शब्दांखाली मोकळी जागा येते आणि मोकळ्या जागेखाली शब्द. म्हणजे कोरी जागाही लेखणीच्या कामाचाच भाग आहे.

शोआच्या काळात घरे गेली, माणसे गेली, आणि भिंतींवरचे ते कागदही बहुतेक गेले. पोलंडहून आलेल्या गिझा फ्रँकेल यांनी उरलेसुरले नमुने अभ्यासले. येरुशलायीममध्ये येहुदित शादुर यांनी ही कला पुन्हा हाती घेतली.

आपला इतिहासही असाच आहे. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, पोथ्या समुद्रात गेल्या, सात जोडपी वाचली आणि शेमा तोंडी राहिला, असे आपले वाडवडील सांगत आले. बुडालेल्यांना पुरले त्या ढिगाऱ्यांवर एकही नाव नव्हते. तरी आपण कोण, हे ओळखायला तो शेमा पुरला. जे हरवले त्याच्या कडेनेच आपली आकृती उभी राहिली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी असा कागद दिसला तर चार क्षण थांबू या. आधी कागद न पाहता भोके पाहू या, त्यांतून मागच्या भिंतीवर पडलेली सावली पाहू या, मग पुन्हा कागदाकडे येऊ या. नातवंडे बरोबर असतील तर हा खेळ त्यांनाही शिकवावा. कात्री घरात आहेच.