चाचणी-प्लगिनचे पॅकेजिंग : डेबियनमधील एक उदाहरण

तयार आज्ञावली पॅकेजमध्ये बांधणे हे केवळ पोहोचवणुकीचे काम होय, असा समज सामान्यतः आढळतो. निर्मात्याने वस्तू घडवावी व वितरकाने ती नेऊन द्यावी, एवढाच त्याचा आशय. लिनक्सच्या वितरणांचा इतिहास मात्र या समजास पुष्टी देत नाही. डेबियन या वितरणातील पायटेस्ट-एक्सडिस्ट ह्या लहानशा प्लगिनचे उदाहरण घेतले असता पॅकेजिंग हे मुख्यतः परीक्षणाचे कार्य कसे बनले, ते ध्यानी येते.

इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. निरनिराळ्या लेखकांच्या आज्ञावलींचा, परस्परांशी जुळणारा असा एक संच स्वयंसेवकांनी सिद्ध करावा, ही त्यामागील कल्पना. १९९७ साली या मंडळीने सामाजिक करार व मुक्त सॉफ्टवेअरविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मूळ स्रोत उपलब्ध असणे आणि परवान्याने फेरबदलास व पुनर्वितरणास मुभा देणे, या दोन अटी त्यामुळे दृढ झाल्या. आजच्या नियमावलीत तिसरेही एक बंधन आहे. मुख्य विभागातील पॅकेजची बांधणी चालू असताना इंटरनेटवरून काहीही आणता येत नाही. लागणारे सर्व साहित्य डेबियनमध्ये आधीच असावे लागते.

पायटेस्ट हे पायथन भाषेतील आज्ञावलींची चाचणी घेण्याचे साधन होय. एक्सडिस्ट हे त्याचे प्लगिन एकाच चाचणीसंचाचे काम अनेक प्रक्रियांत वाटून देते. असे प्लगिन यंत्रावर बसविले की पायटेस्ट ते एरवी आपण होऊनच ओळखते व वापरात घेते. प्रोग्रामर आपल्या प्रत्येक प्रकल्पासाठी हव्या त्या आवृत्त्यांचा वेगळा संच ठेवू शकतो. वितरणात मात्र सामान्यतः एकच आवृत्ती सर्वांना पुरवावी लागते. म्हणून प्लगिनमधील दोष त्याच्यापुरता राहत नाही. ज्यांची बांधणी त्याच्या साहाय्याने तपासली जाते, अशी इतर पॅकेजेसही त्यामुळे अडून बसतात.

या पॅकेजच्या नावातही इतिहासाची खूण उरली आहे. बसविण्याच्या पॅकेजचे नाव 'पायथन३-पायटेस्ट-एक्सडिस्ट' असे आहे. पूर्वी पायथन २ व पायथन ३ यांच्यासाठी निरनिराळी पॅकेजेस करावी लागत, त्यांतील भेद हा अंक दाखवीत असे. पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला. अंक मात्र नावात राहिला.

खरी अडचण चाचणीच्या साधनाचीच चाचणी घेताना उद्भवते. पायटेस्टच्या स्वतःच्या चाचण्यांत हायपोथिसिस ही लायब्ररी वापरलेली आहे आणि हायपोथिसिसच्या चाचण्या पायटेस्टवर चालतात. मग आधी कोणाची बांधणी करावयाची? यावर डेबियनने 'नोचेक' ही सोय ठेवली आहे. तिच्या आधारे पहिल्या बांधणीत चाचण्या वगळता येतात व चक्र तुटल्यावर त्या पुन्हा घेता येतात. कोणते साहित्य केवळ चाचणीपुरते लागते, याची नोंद पॅकेजमध्येच असते; त्यामुळे काय वगळले गेले हे इतरांस पाहता येते.

बांधणीच्या वेळची चाचणीही पुरेशी ठरत नाही. बसविलेले पॅकेज प्रत्यक्ष व्यवस्थेत चालते की नाही, हे ऑटोपीकेजीटेस्ट या स्वतंत्र यंत्रणेने पाहिले जाते. 'अनस्टेबल' शाखेतून 'टेस्टिंग' शाखेत जाण्यावर तिच्या निकालाचा परिणाम २०१८ पासून होऊ लागला. नव्या आवृत्तीमुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या पॅकेजची चाचणी फसली, तर प्रारंभी केवळ विलंब होई. पुढे प्रवेशच रोखला जाऊ लागला.

'निर्मात्याच्या यंत्रावर चालते' हा पुरावा येथे अपुरा ठरला, आणि 'इतर सर्वांच्या सहवासात चालते' हा पुरावा आवश्यक मानला गेला. मूळ स्रोत कधीही न वाचणारा वापरकर्ता जो विश्वास टाकतो, तो या दुसऱ्या पुराव्यावर होय. तो जमविण्याचे काम पॅकेज बांधणाऱ्याकडे आले. म्हणूनच त्यास केवळ पोहोचविणारा म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.