जिरेनियम: नाव एक, वनस्पती अनेक

जिरेनियमची लागवड करायचे ठरले की पहिला प्रश्न रोपांचा येतो. इथेच नावामुळे फसगत होऊ शकते. बाजारात 'जिरेनियम' या एकाच नावाने वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. हा गोंधळ युरोपातून आला आहे. तो समजून घेतला, तर रोपे आणि तेल दोन्ही पारखून घेता येतात.

नाव कुठून आले?

ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच पक्षी. युरोपात रानोमाळ उगवणाऱ्या एका झुडपाचे फळ या पक्ष्याच्या चोचीसारखे लांब व टोकदार असते. त्यावरून 'जिरेनियम' हे नाव पडले. इंग्रजीत त्याला 'क्रेन्सबिल' आणि फ्रेंचमध्ये 'बेक-द-ग्रू' म्हणतात. दोन्हींचा अर्थ क्रौंचाची चोच. जर्मन व डच लोकांना मात्र त्यात बलाक म्हणजे स्टॉर्क पक्ष्याची चोच दिसली. त्यांची नावे त्यावरून आहेत.

गोंधळ कसा झाला?

आपण तेलासाठी घेतो ते झुडूप मूळचे दक्षिण आफ्रिकेतील. सतराव्या शतकात अशी रोपे युरोपात येऊ लागली. फळ चोचीसारखेच असल्याने त्यांनाही 'जिरेनियम' म्हटले गेले. १७५३ मध्ये लिनिअस यांनीही दोन्ही गट एकाच नावाखाली ठेवले. पुढे १७८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लेरितिये यांनी आफ्रिकी गट वेगळा करून त्याला 'पेलार्गोनियम' नाव दिले. ग्रीकमध्ये 'पेलार्गोस' म्हणजे बलाक. शास्त्रीय नाव बदलले, पण बागेत आणि बाजारात जुनेच नाव राहिले.

तुम्ही काय पाहाल?

१. रोपे घेताना 'पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स' हे शास्त्रीय नाव व जातीचे नाव बिलावर लिहून घ्या.

२. पान चुरगळून वास घ्या. तेलाच्या जिरेनियमच्या पानाला गुलाबासारखा वास येतो आणि पान खोलवर कातरलेले असते. कुंडीतील शोभेच्या जिरेनियमचे पान गोलसर असते. त्यावर बऱ्याचदा गडद कडे दिसते. ते तेलासाठी उपयोगी नाही.

३. 'बोर्बन' हा शब्द ऐकून वेगळे पीक समजू नका. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाचे जुने नाव बोर्बन. तिथल्या तेलावरून हे नाव रूढ झाले.

४. तेलाच्या व्यवहारात 'ईस्ट इंडियन जिरेनियम' किंवा 'टर्किश जिरेनियम' असे नाव आले तर थांबा. ही पामारोझा तेलाची जुनी व्यापारी नावे आहेत. पामारोझा म्हणजे आपले रोशा गवत. पूर्वी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. दोन्ही तेलांत जिरॅनिऑल हा घटक असतो. त्यामुळे वास काहीसा मिळताजुळता असला, तरी तेले वेगळी आणि त्यांचे दरही वेगळे.

लक्षात ठेवा

जिरेनियम छाटकलमापासून वाढवतात. मातृरोप चुकीचे असेल तर त्याची सगळी कलमे चुकीचीच निघतात आणि चूक बहुधा पहिल्या कापणीला कळते. तोवर मशागत, ठिबक आणि मजुरीचा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून एकरभर रोपांची मागणी नोंदवण्याआधी थोडी रोपे आणा, पाने तपासा आणि खरेदीदाराला नेमके कोणते तेल हवे आहे, ते शास्त्रीय नावासह करारात लिहून घ्या.